पुरुषांचा साधा कट, कात्रीने

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. सलूनमधल्या बाकावर ती बसली आहे, आणि समोरच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला ते रुचलेलं नाही. गळ्याभोवती पांढरा कपडा, डोक्यावर अर्धेच कापलेले केस, आणि आरशातून एक बाई टक लावून बघते आहे, हे कुठल्याही पुरुषाला अवघडच. त्याने आरशातूनच सलूनवाल्याला भुवई उडवून विचारलं.

"भावमावशी आहेत," सलूनवाला कात्री न थांबवता म्हणाला. "सरकारी. त्या तुम्हाला नाही बघत, मला बघतायत."

"केस कापताना?"

"केस कापताना नाही हो. पैसे घेताना."

कचेरीच्या कागदांवर ती दर-नोंदणी सहायक आहे. बाजारात तिच्यासाठी हे नाव कोणी कधी वापरलं नाही. वय छप्पन्न. खांद्यावरच्या पिशवीत कचेरीचा टॅब, कापडी मोजपट्टी, तळहाताएवढा काटा आणि एक लोहचुंबक. स्टीलच्या नावाखाली पत्रा विकणाऱ्यांचा त्या चुंबकावर राग आहे. केस मागे घट्ट बांधलेले, चपला रबरी तळाच्या. फरशीवर आवाज होत नाही, त्यामुळे ती दुकानात शिरल्याचं दुकानदाराला उशिरा कळतं, आणि तेही त्यांना आवडत नाही.

तिचं काम सांगायला सोपं आहे. शेजारच्या सात देशांचा व्यापाराचा एक संघ आहे. हे देश एकमेकांशी आणि उरलेल्या जगाशी किती जोडले गेले, याचा एक आकडा दरवर्षी निघतो. तो काढायला पुष्कळ गोष्टी लागतात. कोणाची किती निर्यात शेजाऱ्याकडे जाते आणि किती समुद्रापार, जकात किती उरली, कामासाठी माणसं कुठून कुठे जातात. हे सगळं कचेरीत बसून मिळतं. एक भाग तेवढा बसून मिळत नाही. त्यासाठी सीमेच्या दोन बाजूंची दोन शहरं जोडीने निवडायची आणि एकच वस्तू दोन्हीकडे कितीला मिळते ते बघायचं. माल खरोखरच मोकळेपणी इकडून तिकडे जात असेल, तर दोन दरांत फार अंतर उरायला नको. अंतर कमी, तितके देश जवळ.

भावमावशीकडे नदीच्या अलीकडचं शहर आहे. पुलाच्या पलीकडच्या शहरासाठी तिच्यासारखीच एक बाई आहे. भावमावशी तिला 'पलीकडची' म्हणते. पलीकडचीही तिला तेच म्हणत असणार.

एकच वस्तू म्हणजे अगदी एकच. इथली मोठी बादली आणि तिथली लहान बादली असं चालत नाही. म्हणून महिन्याच्या पहिल्या बुधवारी अकरा वाजता दोघी फोनवर बसतात आणि यादीतली एकेक वस्तू एकमेकींना वर्णन करून सांगतात. नियम दोन. वर्णन सांगायचं, दर सांगायचा नाही; नाहीतर एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याकडे झुकतो. आणि जोडी चालू आहे तोवर एकमेकींच्या बाजारात पाऊल टाकायचं नाही, कारण डोळा सरावतो. बसने पाऊण तासाचं अंतर आहे. अठरा वर्षांत दोघी भेटलेल्या नाहीत.

त्या फोनवरचं बोलणं साधारण असं असतं.

"बादलीची कडी?"

"तारेची. वर प्लास्टिकची नळी."

"नळी टोकापर्यंत?"

"मुठीपुरती."

"मग माझी वेगळी आहे बाई. माझी टोकापर्यंत गेलीय."

"ओढून बघ. सरकलेली असेल."

फोनमधून प्लास्टिक घासल्याचा आवाज. मग, "सरकली."

"सांगत होते."

खुर्चीतलं गिऱ्हाईक उठलं, मानेवरून हात फिरवला, आरशात दोन्ही बाजू बघितल्या आणि पैसे न देता चालू लागलं.

"मेहुणा," सलूनवाल्याने खुलासा केला. "तीन वर्षं असाच बसतोय. मेहुण्याचा दर धरता का तुम्ही?"

"नाही."

"बघा. सरकारलासुद्धा कळतं. बायकोला नाही कळत."

दर धरायचा तो गिऱ्हाइकाने मोजलेला. भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेला नव्हे. पाटीवर एकशे ऐंशी होते, गेली दोन वर्षं तेच होते. सलूनवाल्याने कपडा झटकला, घडी घातली, आणि आवाज खाली आणला.

"तुमच्यापासून काय लपवायचं, मावशी. पाटी एकशे ऐंशीची आहे. पण गेल्या आठवड्यापासून एकशे तीसच घेतोय."

"का?"

"पुलाच्या तोंडाशी एक पोरगा बसलाय खुर्ची टाकून. पलीकडचा. एकशे वीसला कापतो. तिकडे हाच दर आहे म्हणे. परवाना विचारायला गेलो, तर म्हणे आता लागत नाही. तुमच्या संघानेच काढला ना नियम?"

अठरा वर्षांत पलीकडचा एकही दर तिच्या कानावर आला नव्हता. आज एक आला होता, आणि तो नेमका हा होता.

"पाटी तशीच ठेवू का?" सलूनवाल्याला वाटलं, सरकारला चढा दर आवडत असावा. "तुम्हाला बरं पडत असेल तर राहू दे. पाटीला काय, पोट नाही."

"मी पाटी लिहीत नाही," ती म्हणाली. "उद्या येते. मेहुणे सोडून कोणी असेल तेव्हा."

एका सलूनच्या दराने एवढं काय अडलं होतं, ते असं. यादी सुरू झाली तेव्हा तिच्यावर एकेचाळीस वस्तू होत्या. बादली, कुलूप, तीन सेलची बॅटरी, काळी छत्री, शाळेचे बूट, खिळे, इस्त्री. आणि तीन सेवा: सायकलचं पंक्चर, पँट आखूड करणं, पुरुषांचे केस कापणं. वर्षं गेली तशी एकेका वस्तूची दोन टोकं जवळ येत गेली. छत्रीचं अंतर मिटलं, मग बुटांचं. पंक्चर यादीतून गेलं, कारण पलीकडे सायकलीच फारशा उरल्या नाहीत. बादलीचं अंतर एका वर्षात नाहीसं झालं तेव्हा कचेरीतल्या साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला होता. तिने बादली उलटी करून दाखवली. बुडाशी तिसऱ्याच, समुद्रापारच्या देशाचं नाव होतं. अलीकडचं शहर आणि पलीकडचं शहर एकमेकांना बादल्या विकत नव्हती. दोघंही एकाच लांबच्या कारखान्याचं गिऱ्हाईक झाली होती.

"साहेब, हे शेजारी जवळ आले म्हणून झालेलं नाही."

"त्याचा रकाना वेगळा आहे, बाई. जगाशी जोडणी. तो वरचे लोक बघतात," साहेब म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं. रकाना खरंच वेगळा आहे.

यादीतली एक तरी वस्तू ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तोवर जोडी चालू राहते. सगळ्या आत आल्या की 'जोडी जुळली' असं धरतात आणि मोजणी बंद करतात. यंदा चाळीस वस्तूंचा निकाल लागला होता. बाहेर उरला होता तो एकच: पुरुषांचा साधा कट, कात्रीने. त्यात नवल काही नाही. छत्री पुलावरून नेता येते, केस कापायला पूल कोणी ओलांडत नाही. आता गिऱ्हाइकाऐवजी सलूनवालाच ओलांडून आला होता.

जोडी बंद झाल्याने तिची नोकरी जाणार नव्हती. शहरात दुसऱ्या याद्या आहेत. जाणार होता तो बुधवारचा फोन.

तो फोन वगळला तर तिच्या महिन्यात लांबलचक बोलणं असं एकही नाही. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा लांबच्या देशात आहे; रविवारी तो गोळ्या घेतल्या का विचारतो, ती घेतल्या सांगते. राहायला शिंप्याच्या दुकानामागे दोन खोल्या, वरच्या मजल्यावर थोरली जाऊ. बाजारात तिला सगळे ओळखतात, पण यादीवरच्या दुकानांतून खरेदी करायची नाही असाही एक नियम आहे. त्यामुळे ज्या दुकानांत ती रोज जाते तिथून ती काही घेत नाही, आणि जिथून घेते तिथे तिला कोणी ओळखत नाही.

पलीकडचीबद्दल तिला माहीत आहे ते थोडकंच. आवाज जाड आहे. थंडीत खोकते. तिच्या टेबलामागे टोले देणारं घड्याळ आहे आणि ते जरा पुढे आहे. नवरा गेला त्या महिन्यात भावमावशीने छत्रीच्या काड्या सांगता सांगता सांगितलं होतं, "आठ काड्या, दांडा लाकडी, आणि आमचे हे गेले." पलीकडची म्हणाली होती, "कुलूप, इस्त्री राहू दे आज. उद्या सांग." दुसऱ्या दिवशी तिनेच फोन केला होता आणि कुलपापासून सुरुवात केली होती.

सलूनमधून आली त्याच दिवशी, बुधवारी, अकराला फोन वाजला. वस्तू भराभर संपल्या. शेवटी सलून आलं.

"पुरुषांचा साधा कट, कात्रीने," भावमावशीने वाचलं. "मशीन फक्त मानेवर. दाढी नाही, धुणं नाही."

"माझंही तेच." पलीकडची म्हणाली. "एक विचारू? तुमचा सलूनवाला शेवटी डोकं चेपून देतो ना?"

"देतो की. पाचेक मिनिटं. सगळेच देतात."

"आमच्याकडे नाही देत."

"कधीच?"

"कधीच नाही. केस कापले, कपडा झटकला, चला पुढचा. म्हणजे वर्णन एक नाही झालं आपलं. बदल टाकूया? दोघींनी टाकला तर धरतात."

वर्णन बदललं की त्या वस्तूचा निकाल वर्षभर राखून ठेवतात. हे दोघींना पाठ होतं. वर्षभर म्हणजे बारा बुधवार.

"हे अठरा वर्षांनी लक्षात आलं तुझ्या?"

"आमच्या गल्लीतला एक पोरगा तुमच्याकडे गेलाय, खुर्ची मांडून. त्याची आई सांगत होती, कापून होतं तरी गिऱ्हाईक उठतच नाही म्हणे, डोळे मिटून बसून राहतं. पोरगा वैतागलाय."

पोरगा कितीला कापतो, हे भावमावशीने विचारलं नाही आणि पलीकडचीने सांगितलं नाही. दराबद्दल दोघींनी अवाक्षर काढलं नाही. काढायची गरजही नव्हती.

"उद्या सलूनमध्ये जाणार आहे," भावमावशी म्हणाली. "बघून सांगते."

"बघ. पण नीट बघ हं."

संध्याकाळी जिन्यात जाऊबाई भेटली.

"आज तुझा बुधवार ना गं? काय म्हणते तुझी सवत?"

"बरी आहे."

"मुलंबाळं किती तिला?"

"माहीत नाही."

"अठरा वर्षं बोलतेस आणि मुलं किती ते माहीत नाही?"

"विषय निघाला नाही."

"मग बोलता तरी काय एवढ्या?"

"आज डोक्याच्या मालिशीचं बोललो."

जाऊबाईने तिच्याकडे नीट बघून घेतलं. "जेवलीस का?"

"जेवले," ती म्हणाली. जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत औषधाच्या दुकानातला माणूस होता. भावमावशी बाकावर बसली. मशीन फक्त मानेवर फिरलं. दाढी नाही, धुणं नाही. शेवटची कात्री चालली तशी त्याने सवयीने मान मागे टेकवली, डोळे मिटले आणि वाट बघू लागला. सलूनवाल्याने कपडा काढून झटकला.

"झालं, साहेब."

माणसाने एक डोळा उघडला. "झालं?"

"झालं."

"आणि डोकं?"

"एकशे तीसमध्ये डोकं नाही बसत, साहेब. तो पुलावरचा पोरगा कुठे देतो? पाहिजे असेल तर पन्नास वेगळे."

"डोकं माझं, आणि पन्नास तुला?"

"हात माझे आहेत ना!"

"राहू दे मग." माणूस उठला, एकशे तीस मोजून दिले, आणि जाताना स्वतःच्याच हाताने टाळू चोळत गेला.

भावमावशी बाकावरच बसून राहिली. एकशे ऐंशीतून पन्नास गेले की एकशे तीस. पलीकडचे एकशे वीस. दहाचा फरक मर्यादेच्या आत बसतो. म्हणजे कट आधीही एकशे तीसचाच होता. वरचे पन्नास मालिशीचे होते, आणि मालिश वर्णनात कधीच नव्हती. मधल्या वर्षांत दोन्हीकडचे दर चढले असतील, उतरले असतील, पण या जोडीला बाहेर ठेवणारं जे अंतर दरवर्षी अहवालात येत होतं, ते दोन देशांमधलं नव्हतं. ते पाच मिनिटं डोकं चेपण्याचं होतं.

बादलीची नळी ओढून बघणाऱ्या दोघींच्या नजरेतून हे सुटलं कसं, याचं उत्तर तिला तिथेच मिळालं. मालिश तिने शेकडो वेळा पाहिली होती. तिला ती मालाचा भाग वाटलीच नव्हती. दुकानदार निरोप देताना 'या हं' म्हणतो, त्यातलाच एक प्रकार वाटला होता. खुर्चीत बसलेल्या कुठल्याही माणसाने सांगितलं असतं की आपण काही पैसे त्याचेच देतो. पण त्या खुर्चीत दोघींपैकी कोणीच कधी बसलं नव्हतं.

"चहा सांगू, मावशी?" सलूनवाल्याने विचारलं. "बरं नाही का?"

"बरी आहे. ही मालिश तुम्ही पहिल्यापासून देता?"

"माझा बाप द्यायचा. आम्ही कधी वेगळे मागितले नाहीत, नि कोणी दिलेही नाहीत. आता एकेक बोट मोजायची वेळ आली."

तिने टॅब काढला. दराच्या चौकटीत एकशे तीस लिहिले. खाली 'वर्णनात बदल' अशी चौकट असते. तिथे खूण केली असती तर पलीकडचीनेही केली असती, आणि वर्ष निघालं असतं. कोणी तपासायला येत नाही. पण आता बदल उरलाच नव्हता. मालिशीला स्वतःचा दर मिळाला होता, आणि साधा कट, कात्रीने, दोन्हीकडे तंतोतंत एक झाला होता. ती चौकट तिने रिकामी सोडली. शेऱ्याच्या जागी एक ओळ टाकली: पूर्वीच्या दरात मालिश धरलेली असे, वर्णनात नव्हती. मग 'पाठवा'वर बोट ठेवलं.

कचेरीत येऊन तिने फोन लावला. वर्णनाच्या शंकेसाठी बुधवार सोडूनही लावता येतो.

"बंद केली," ती म्हणाली.

"काय बंद केलं?"

"मालिश. आता वेगळे पैसे. कट तेवढा कट."

पलीकडच्या घड्याळाने टोले दिले. दोघी ते संपेपर्यंत थांबल्या.

"म्हणजे आमच्यासारखाच."

"तुमच्यासारखाच."

"बदल टाकला नाहीस मग."

"नाही."

"बरोबर आहे." मग एकदम, "अगं, म्हणजे इतकी वर्षं आपण…"

"हो."

"बाई, बाई, बाई. आणि मी तुला बादलीची नळी ओढायला लावली!"

"तू नाही, मी तुला लावली."

पलीकडची हसायला लागली. हसता हसता खोकली. भावमावशीही हसली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या टंकलेखिकेने मान वर करून बघितलं; या टेबलावरून असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

"आता भेटायला कोणाची आडकाठी नाही हं," पलीकडची म्हणाली.

"नाही ना."

"ये कधी."

"तूही ये."

"बघू."

"बघू."

तारीख दोघींपैकी कोणीच काढली नाही.

"पुढची वस्तू?" पलीकडचीने सवयीने विचारलं.

"पुढची नाही."

"हो गं. संपली यादी." आणि तिने फोन ठेवला. नेहमी भावमावशी आधी ठेवायची.

तीन आठवड्यांनी साहेब पत्र घेऊन आले. "अभिनंदन, बाई! जुळली तुमची जोडी. अठरा वर्षं लावलीत, पण जुळली. आमच्या घरात पोरांची लग्नं एवढ्या काळात दोनदा जुळून मोडतात." सगळे हसले, चहा आला. वार्षिक अहवालात या दोन शहरांसाठी एक ओळ असेल: बाजार पूर्णपणे जोडलेले. मागच्या वर्षांचे आकडे सुधारून घेतले आहेत, अशी तळटीपही असेल. तीत मालिशीचा उल्लेख नाही. तसा तो का असावा, असं साहेबांचं म्हणणं, आणि भावमावशीने वाद घातला नाही.

पहिल्या बुधवारी अकरा वाजता ती टेबलाशी होती. फोन वाजला नाही. तिनेही लावला नाही. नंबर पाठ आहे, आणि कुठला नियम आता आड येत नाही. पण सांगायला वस्तू नसेल तर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे दोघींनाही एकमेकींच्या बाबतीत माहीत नाही. सव्वाअकराला ती मोजपट्टी गुंडाळून बाहेर पडली.

संध्याकाळी जाऊबाईने जिन्यातच अडवलं. "काय गं, आज बुधवार. सवत काय म्हणते?"

"जुळलं आमचं."

"म्हणजे?"

"म्हणजे आता फोन नाही."

जाऊबाई तिच्या टोमण्यासाठी प्रसिद्ध आहे. या वेळी "वर ये जेवायला," एवढंच म्हणाली. भावमावशी म्हणाली, "जेवले."

सलूनमधली पाटी बदलली आहे. वर एकशे तीस, खाली बारीक अक्षरात मालिश पन्नास. सलूनवाला सांगतो की मालिश आता कोणी घेत नाही. मेहुणा तेवढा घेतो.

तिच्याकडे आता भाजी मंडईची यादी दिली आहे. तिथे जोडी नाही, दर एकट्याने घ्यायचा आणि थेट पाठवायचा. उद्या सकाळी सात पन्नासला ती मंडईच्या तीन नंबरच्या फाटकाशी असेल. पहिली नोंद बटाट्याची. पुलापलीकडे जाणारी पहिली बस त्याच फाटकासमोरून आठ पाचला सुटते. तिकीट गाडीत मिळतं. ओळखपत्र आता लागत नाही.